तीन वर्षं पुढचं माप

सोमवार, ४ तारीख

ही वही माझी नव्हे. नर्सबाईंनी पोरींसाठी सहा वह्या आणल्या होत्या, रोज मनातलं दोन ओळी लिहा म्हणून. पोरी उरल्या पाच. सहावी गेल्या महिन्यापासून यायची बंद झाली. का, ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. कोरी वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून पाचला पोरी गेल्या की गिऱ्हाईक यायच्या आत मीच लिहीन म्हणते. मनातलं म्हणजे काय असणार, सुया आणि गिऱ्हाइकांच्या कटकटी.

खरं लिहायचं तर पोरींना शिवण शिकवायला मी काही समाजसेवा म्हणून हो म्हटलं नव्हतं. काजं-बटणं करायला फुकटचे हात मिळतील म्हणून म्हटलं. तीन वाजता नर्सबाई त्यांना दुकानात आणून बसवते आणि आधी अर्धा तास स्वतः बोलते. शरीराबद्दल, कायद्याबद्दल, नाही म्हणायला शिका वगैरे. तेवढा वेळ मी मशीन जरा जोरात चालवते. असलं बोलणं ऐकलं की माझी मान उगाच अवघडते.

पाचांत हात खरा एकीचाच. सगळे तिला टाचणी म्हणतात, अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार. नववीत आहे. वडील गेले, तेव्हापासून आईबरोबर काकाच्या घरात राहते, मागच्या गल्लीत. अक्षर चांगलं म्हणून आज तिला जुनी फाटकी मापाची वही नव्या वहीत उतरवायला दिली. तर मध्येच विचारते, नर्सबाईंची मुलगी सात वर्षांची आहे, मग वहीत दहाची कशी? मला हसू आलं. म्हटलं, अगं, इथले लोक पोरांना तीन वर्षांतून एकदा युनिफॉर्म शिवतात, आणि नर्सबाई पगारदार असली तरी चिकट आहे. म्हणून तीन वर्षं पुढचं माप कापायचं आणि वयाच्या रकान्यात पुढचंच वय टाकायचं. अंगाचं माप पेन्सिलीनं, कापायचं माप पेननं. हा माझ्या सासऱ्यांचा नियम, दुकान त्यांचंच होतं. टाचणी बरं म्हणाली आणि लिहायला लागली. हुशार आहे, पण नको तिथं नाक खुपसते.

गुरुवार, ७ तारीख

टाचणीची आई आली होती. सहा मीटर फिकट गुलाबी साटीन, लग्नाचा ड्रेस. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणे बाहेरगावच्या भाचीचा, अंगानं अगदी टाचणीसारखी, तेव्हा हिचंच माप घ्या. ही बाई एरवी एका शब्दावर दुसरा बोलत नाही, आज नळ सुटल्यासारखी बोलत होती. टाचणी हात वर करून उभी राहिली ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. छाती, कंबर, उंची, सगळं घेईपर्यंत ती एकदाही टोचून बोलली नाही.

आणि जाताना आई म्हणते, टेलरबाई, आत माया भरपूर ठेवा. खाली चार बोटं, छातीला दोन. नीट ऐकलंत ना, असंही वर विचारलं. सव्वीस वर्षं मी या टेबलापाशी उभी आहे, लग्नाच्या ड्रेसात आत एवढं जादा कापड दाबून ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाचा ड्रेस तो, त्यात वाढायचंय कोणाला? एवढी माया मी फक्त माझ्या स्वतःच्या ड्रेसात पाहिली. सासऱ्यांनीच शिवला होता. सासूबाईंनी तो दीड वर्षात दोनदा उसवून लांब केला. इथलं खाणं मानवलं हो पोरीला, असं येईल त्याला सांगायच्या.

असो, चार बोटं तर चार बोटं. गिऱ्हाईक म्हणेल तसं.

शनिवार, ९ तारीख

बाकीच्या चौघी गेल्यावर टाचणी मागे थांबली. गुलाबी ड्रेसचा काठ दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, भाची वगैरे कोणी नाही. हा माझाच आहे. वीस तारखेला लग्न आहे."

मी म्हटलं, "काठ सरळ धर."

लिहायला लाज वाटते, पण हेच म्हटलं. आणि तिनं धरला. मग काठ दुमडता दुमडता एकेक सांगत गेली. नवरा एकोणतीस वर्षांचा, लांबच्या शहरात गोदामावर असतो. काकानं ठरवलं. शाळेतून नाव काढायचा अर्ज काकानं देऊनही टाकला. हिला पंधरावं लागून दोन महिने झालेत. दहावी झाली की ट्रेनिंग सेंटरला कटिंगचा कोर्स करायचा आणि मग तुमच्या मोठ्या मशीनवर बसायचं, असं तिनं मनात धरलं होतं. हे माझ्या कधी ध्यानातही आलं नाही. मला वाटायचं, ही माझ्याकडं येते ती घरकाम टाळायला.

ती गेल्यावर मापाच्या वह्या काढून बसले. लग्नाचे ड्रेस आणि पेन्सिलीची मापं. कोण किती वाढायची राहिली होती ते पेन्सिलीवरून कळतं, मला तरी कळायला हवं होतं. अशा अकरा पोरी मोजल्या आणि वही मिटली. सहावी वही जिची होती, तिचाही ड्रेस मीच शिवलाय. तेव्हा मला काहीच नवल वाटलं नव्हतं. मी पोलीस नाही, टेलर आहे, असं मनाशी म्हणून बघितलं. जमलं नाही.

माझं तसं नव्हतं. मी अठराची होते, कायद्यानं पक्की. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत दोरीवरच्या उड्या मारायचे, ती दोरी बोचक्यात घालून सासरी आणली होती, पण तो अल्लडपणा. पहिलं बाळ मात्र राहिलं नाही. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, अंग तयार नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, अठराची झाली तरी अंगात दम नाही. तेव्हापासून मी या अंगावर जी रुसले ती रुसलेच. हे इथं कशाला लिहिलं कोण जाणे.

सोमवार, ११ तारीख

नर्सबाईंना सांगितलं. ती उठली आणि मला घेऊन थेट बालसंरक्षण कार्यालयात गेली, दुकान तसंच उघडं टाकून. तिथल्या अधिकारी मॅडम बोलायला रूक्ष, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी चौकशी केली तर काका आमच्या एक पाऊल पुढं निघाला. मुलगी अठरा पूर्ण असल्याचा डॉक्टरी दाखला त्यानं आधीच काढून ठेवलाय. जन्माची नोंद नाही, शाळेत वय काकानंच सांगितलेलं, आणि आता म्हणतो, ते अंदाजानं कमी सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, दाखला खोटा म्हणता, तर माझ्यासमोर दुसरा कागद ठेवा. जुना असेल, तारखेचा असेल तर बरं. गुरुवारी दोन्ही बाजूंना बोलावते.

मी म्हटलं, आहे माझ्याकडं. पहिला युनिफॉर्म माझ्याकडं शिवला तेव्हापासून शाळेसाठी तीनदा तिचं माप घेतलंय. तारीख आहे, वय आहे. नर्सबाईंनी रस्त्यातच माझा हात दाबला. एवढा अभिमान मला बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता.

घरी येऊन तिची तिन्ही पानं शोधली आणि खुणेला चिंध्या घातल्या. मापाच्या वहीवर माझा भरवसा आहे, तो उगाच नाही. माझ्या जन्माचाही कागद कुठं होता, माहेरी वर्षं कोण मोजत होतं? सासऱ्यांच्या वहीत लग्नाच्या ड्रेसचं माझं पान होतं, वय १८, त्यावरून माझं ओळखपत्र झालं. सरकारनं तेव्हा वही मानली, आता का नाही मानणार?

मंगळवार, १२ तारीख

काका आला होता. वजनकाट्यावर ट्रक मोजायचं काम करतो, म्हणून सगळे त्याला काटेवाला म्हणतात. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्ची स्वतःच ओढून घेतली, पाणी मागितलं, ताई ताई करत बोलला. म्हणाला, भाऊ गेला, घरात वयात आलेली पोर, गल्लीच्या तोंडाशी टोळकं बसलेलं असतं. उद्या काही झालं तर नर्सबाई येणार आहे का निस्तरायला? चांगलं घर मिळालंय, मागणं काही नाही त्यांचं. हे सगळं तो मनापासून म्हणत होता, तेच मला भयंकर वाटलं. मग म्हणाला, लग्न शनिवारी, सोळा तारखेला करतोय. ड्रेस उद्या पाहिजे.

मी म्हटलं, उद्या या. टेलरचा उद्या म्हणजे काय ते सगळ्या गावाला माहीत आहे. आयुष्यभर त्या उद्यापायी बोलणी खाल्ली, आज पहिल्यांदा कामी येईल असं वाटलं.

उठता उठता त्यानं टेबलावरची मापाची वही उचलली. चिंध्यांच्या खुणा होत्या, तिथंच उघडली त्यानं. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. वाटलं, आता फाडतो. पण त्यानं वही मिटून, टेबलावर सरळ करून ठेवली आणि हसून म्हणाला, "ताई, तुमचं काम चोख असतं. गुरुवारी ही न विसरता आणा."

कामाचं कौतुक कोणी केलं तरी मला बरं वाटतं, अगदी त्यानं केलं तरी. माणूस वाटतो तितका वाईट नसेल.

बुधवार, १३ तारीख

टाचणी आली नाही. तिला घरातून बाहेर पडू देत नाहीत, असं दुसरीनं सांगितलं. काटेवाल्यानं ड्रेससाठी दोनदा माणूस पाठवला. ड्रेस तयार होता. मी डावी बाही उसवली आणि म्हटलं, बाही राहिलीय.

गुरुवार, १४ तारीख

आजचं सगळं आजच लिहून ठेवते.

कार्यालयात एका बाजूला काका, त्याच्या शेजारी टाचणीची आई आणि मध्ये टाचणी. दुसऱ्या बाजूला नर्सबाई आणि मी. काकानं दाखला ठेवला. मी वही ठेवली, चिंध्यांसकट. मॅडमनी चष्मा लावून पानं उलटली. सुरुवातीचं पान, वय ९. तीन वर्षांनंतरचं, वय १२. त्यानंतरचं, वय १५, आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची. मॅडमनी चष्मा काढला.

"म्हणजे आज अठरा. बाई, तुम्ही पुरावा त्यांच्याच बाजूचा आणलात."

काकानं मला हात जोडले. तेव्हा कुठं मला कळलं, मंगळवारी तो का हसला ते. सव्वीस वर्षांत हजार वेळा ते आकडे लिहिले, आणि वय म्हणून एकदाही वाचले नव्हते. मी म्हणायला लागले, ते वय नाही हो, माप आहे, आम्ही तीन वर्षं पुढचं लिहितो. बोलता बोलताच मला ऐकू येत होतं की मी खोटारड्या बाईसारखी बोलतेय. मॅडम म्हणाल्या, वयाच्या रकान्यात वय नाही, हे मी कोणत्या आधारावर मानू? आईला विचारलं तर ती जमिनीकडं बघत म्हणाली, मला आकडे कळत नाहीत. काका दाखला घडी करून खिशात ठेवायला लागला. मला वाटलं, संपलं. माझ्याच हातानं मी पोरीला बांधून दिलं.

टाचणी उठली. काकानं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवून घेतला. टेबलापाशी येऊन वही स्वतःकडं फिरवली आणि म्हणाली, "मॅडम, नर्सबाईंच्या मुलीचं पान बघा. मागच्या महिन्यातलं आहे. दहा लिहिलंय. ती किती वर्षांची आहे ते त्यांना विचारा."

नर्सबाईंनी फोनमधून मुलीच्या जन्मदाखल्याचा फोटो काढून दाखवला. सात. मॅडम म्हणाल्या, एका पानावर चूक असू शकते. टाचणी म्हणाली, मग अजून काढते. तिनं अख्खी वही उतरवली होती, तिला पानं पाठ. दारात उभ्या शिपायाची धाकटी निघाली, पान याच वर्षाचं, वहीत बारा. शिपाई चाचरत म्हणाला, माझी नऊची आहे मॅडम. मग याच इमारतीतल्या एका कारकुनाचे दोघं निघाले, त्याला बोलावून विचारलं. तीन, तीन, दरवेळी तीन. शेवटी टाचणीनं पेन्सिल आणि पेनचे आकडे बोटानं दाखवले. अंगाचं माप हे, कापायचं हे. वय कापायच्या मापाचं असतं. मोठ्या माणसाच्या पानावर पेन्सिल आणि पेन जवळजवळ सारखे येतात, फरक फक्त वाढत्या अंगाच्या पानावर असतो. सगळं अगदी मी शिकवते त्या सुरात. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी पुसलं नाही.

मॅडमनी विचारलं, तुझं वय काय?

"पंधरा. आणि मला लग्न करायचं नाही."

काकाच्या तोंडावरचं ताई-ताई पहिल्यांदाच उतरलं. मॅडमनी तिथंच आदेश लिहिला. सरकारी दवाखान्यात वयाची तपासणी, तोवर लग्न लावलं तर लावणाऱ्यावर गुन्हा, शाळेतला अर्ज रद्द, आणि त्या डॉक्टरी दाखल्याचीही चौकशी. काकाकडून हमीपत्र घेतलं. सही करताना त्याच्या हातातलं पेन दोनदा कागदात रुतलं. बाहेर पडताना तो माझ्याजवळ थांबून म्हणाला, दुकान गल्लीतच आहे ना तुमचं? हळूच म्हणाला. मी हो म्हटलं.

शनिवार, १६ तारीख

आज लग्न होतं. झालं नाही. नर्सबाई सकाळपासून दोनदा त्यांच्या दारावरून चक्कर मारून आली. टाचणी शाळेत गेली होती.

दुपारी पाचांतल्या तिघी आल्या नाहीत. एकीच्या बापानं निरोप पाठवला, आमची पोर बिघडवायची नाहीये. दुकानाच्या पाटीवर कोणीतरी शेण फासलंय. घासून धुतलं, वास राहिला. भीती वाटते. वाटत नाही असं लिहिणार नाही.

टाचणीची आई आली. मी बाही लावलेला ड्रेस पुढं केला तर तिनं हात लावला नाही. म्हणाली, त्याचं काहीतरी करा, उशांचे अभ्रे करा. मी रागात होते, म्हटलं, आकडे कळत नाहीत काय? चार बोटं आणि दोन बोटं बरी कळली होती.

ती म्हणाली, "दिराच्या घरात राहते मी. तोंडानं कशी सांगणार? म्हणून तर माया ठेवायला सांगितली. वाटलं, टेलर आहे, तिला कळेल."

मला नव्हतं कळलं. मी तिची माफी मागितली. ती मशीनवरचा धाग्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळत बसली.

सोमवार, १८ तारीख

दोघीच आल्या, टाचणी आणि एक. नर्सबाई अर्धा तास बोलली. मी मशीन बंद ठेवलं.

नवी वही पूर्ण झाली म्हणून मी टाचणीला सासऱ्यांच्या जुन्या वह्या काढून दिल्या होत्या, त्याही उतरव म्हटलं. मी काजं बघत होते. ती उठून आली, पान उघडं धरून. माझं पान. लग्नाचा ड्रेस, वय १८. तिनं बोट ठेवलं होतं ते पेन्सिलीच्या आकड्यांवर. पुसट होते, पण होते. उंची, छाती. खाली पेनचे. चार बोटांचा फरक.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "हेही तीन वर्षं पुढचं का?"

मी म्हटलं, जा, पुढचं लिही. ती गेली नाही.

मोठ्या बाईच्या पानावर तेवढा फरक नसतो. हे मीच शिकवलंय. सासऱ्यांचा हात कधी चुकला नाही, त्यांनी अंग बघून कापलं होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनाही, ड्रेस उसवताना. खाणं मानवलं नव्हतं, मी वाढत होते. आणि त्या बोचक्यात उड्यांची दोरी होती, कारण मी उड्या मारायच्या वयाची होते. बाळ गेलं तेव्हा मी एकोणीसची नव्हते, सोळाची होते. डॉक्टर खरंच सांगत होती. अंग तयार नव्हतं, कारण ते पोरीचं अंग होतं. एकोणतीस वर्षं मी त्याला बोल लावला. त्याची काही चूक नव्हती गं. माझीही नव्हती.

रडले. पोरींसमोर रडले, दुसरीनं पाणी आणून दिलं. टाचणी माझ्याजवळ टेबलाला टेकून उभी राहिली.

मग मी पेन्सिलीला टोक केलं. वयाच्या रकान्यात अठराच्या वरच्या बाजूला, जिथं अंगाचं माप लिहितात तिथं, पंधरा लिहिलं. आणि टाचणीला म्हटलं, आता हे दोन्ही आकडे नव्या वहीत उतरव.